सुनेच्या ताटातला मासा

मी तोंडाची फाटकी, हे कोडेराच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काटा मारणाऱ्या दलालाला मी भर बाजारात रडवलंय. देवानं एवढी जीभ दिली आणि जिथं ती चालवायची, नेमकी तिथंच मी ती दाताखाली धरून बसले. ते कसं झालं तेवढं सांगते.

आकेयो माझी सून, माझ्या एकुलत्या ओगोलाची बायको. नदी जिथं तळ्याला मिळते त्या राचार गावची. लग्नाला तीन वर्षं झाली, तेव्हा कुठं तिला दिवस गेले. उलट्यांनी पोर बेजार झाली होती, म्हणून दवाखान्याच्या दिवशी तिच्या गोळ्या आणायला मी गेले. तिथं रिस्पा होती. आमच्याच गावची पोर, आरोग्याचं काम करते. पोटुश्या बायकांना आणि त्यांच्या सासवांना तिनं आंब्याखाली बसवलं आणि म्हणाली, "बायांनो, नदीवर वरच्या अंगाला सोनं धुतात. त्यातला पारा वाहत तळ्यात येतो. मोठा म्बुटा मासा पोटुशीनं खायचा नाही, अंगावर पाजणारीनंही नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो बाधतो. राचारच्या तोंडाशी धरलेला तर मुळीच नको. लहान मासळी खा. ओमेना रोज खाल्ली तरी चालेल."

मला ते तिथंच पटलं. चाळीस वर्षं मी मासे चिरलेत. म्बुट्याचं पोट फाडलं की आत ओंजळभर ओमेना निघते, कधी त्याची स्वतःची पिल्लंसुद्धा. जो सगळ्यांना खातो त्याच्या अंगात सगळ्यांचं विष जमणारच. त्याला शाळा शिकावी लागत नाही.

पण दुसऱ्याच दिवशी किनाऱ्याच्या मुकादमानं सगळ्यांना गोळा केलं. म्हणाला, "ही बातमी शहरात गेली की बर्फाचा ट्रक यायचा बंद. मग म्बुटा काय गळ्यात बांधून फिरणार आहात?" रिस्पा तिथंच उभी होती, हातात तिची चित्रं घेऊन. कुणीतरी तिला गप्प करायला हवं होतं आणि अशा कामाला कोडेरात माझ्याएवढं तयार माणूस नाही. माझ्या ओगोलाची होडी म्बुट्यावरच चालते ना. मी पुढं झाले आणि म्हणाले, "शिकून आली मोठी शहाणी. तुझ्या आयनं तुला काय ढगातले मासे खाऊन जन्माला घातलं? आमच्या तळ्याला नावं ठेवायची असतील तर दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भर जा." सगळे हसले. रिस्पानं चित्रांची गुंडाळी केली आणि खाली मान घालून गेली. आकेयो घरी उलट्या काढत पडली होती, ओगोला होडीवर होता, आणि त्या दिवसानंतर मुकादमाच्या धाकानं गावात कुणी पाऱ्याचं नाव काढलं नाही.

आणि घरी येऊन मी काय केलं? सुनेसाठी ओमेना शिजवली. आता बोला.

खरं कारण तिला सांगायला काय झालं होतं? झालं होतं ते हे, की आकेयोच्या पोटात काही राहत नाही. पाणवठ्यावर पोचायच्या आत गोष्ट चार घरी गेली असती, आणि सकाळी रिस्पाला झोडपणारी म्हातारी संध्याकाळी तिचंच ऐकते म्हणून लोकांनी माझ्या तोंडावर दात काढले असते. म्हटलं, नऊ महिन्यांचा तर प्रश्न आहे. ती अजून माझ्याच चुलीवर जेवत होती. वाढणारी मी, मग सांगायची गरजच काय?

आता ओमेना म्हणजे आमच्यात काय, तर हाताला लागेल तेव्हाचं खाणं. बोटाएवढी मासळी, वाळूवर वाळवायची, उरली तर कोंबड्यांना टाकायची. पाहुण्यापुढं कुणी ठेवत नाही. आणि पोटुशी सून तर पाहुण्याहून मोठी. तिला म्बुट्याचं डोकं, पोटाकडचा मऊ तुकडा, दाट रस्सा. आकेयो महिनाभर ओमेना खात राहिली. ताट घेताना माझ्याकडं बघायची बंद झाली.

मग एक दिवस तिची मावशी आली. मावशीपुढं मी म्बुटा वाढला, वाढावाच लागतो. त्याच मक्याच्या उगालीच्या गोळ्याशेजारी आकेयोच्या ताटात ओमेना. मावशीचा हात थांबला.

"सासूबाई," आकेयो हळूच म्हणाली, "माझा काही गुन्हा झालाय का?"

तेव्हा जरी मी तिला चुलीमागं नेऊन कानात सांगितलं असतं, तरी पुढचं टळलं असतं. पण मावशीसमोर मला जाब विचारते म्हणजे काय! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाले, "खायचं तर खा. नाही तर कोंबड्या आहेतच."

तिसऱ्या दिवशी ती माहेरी निघून गेली. चौथा महिना संपत आला होता.

ओगोला म्हणाला, "आई, तू असं का करतेस?" मी म्हणाले, "बायकांच्या चुलीत तू नाक घालू नकोस." तो गरीब स्वभावाचा, बापावर गेलेला. जाळं उचलून होडीकडं गेला.

पंधरा दिवसांनी मी त्याच्याबरोबर ओमेनाची पिशवी पाठवली. चांगली निवडलेली, खडा नसलेली. निरोप दिला की सासूनं पाठवलीय, रोज खा. तो संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन परत आला.

"खाल्ली का?"

"आकेयोच्या आईनं अंगणात ओतली. म्हणाली, तुझ्या आईला सांग, आमच्या कोंबड्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिलाय. तिथं तिला रोज म्बुटा असतो, आई. तिची आई डोरिना स्वतः पहाटे जाऊन मोठ्यातला मोठा निवडून आणते."

राचारच्या तोंडाशी धरलेला. रोज. पण कोंबड्यांची गोष्ट त्याच्याही वर बसली होती. मी म्हणाले, "खाऊ दे. पोट फुटेस्तोवर खाऊ दे."

हे मी म्हणाले. ह्या तोंडानं. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

पुढच्या महिन्यांत मी दोनदा निघाले होते. एकदा तर राचारच्या होडीत जाऊन बसलेसुद्धा. मग मनात आलं, मुलाच्या आईनं सुनेच्या माहेरी न बोलावता पाऊल टाकायचं, आणि तेही त्या डोरिनापुढं मान खाली घालून? उतरले. नावाडी हसला, "काय आजी, पाण्याला घाबरलीस?" त्याला चार शिव्या दिल्या आणि घरी आले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच.

मुलगा झाला. आमची वडीलधारी माणसं जाऊन मायलेकरांना घेऊन आली. माझ्या गेलेल्या नवऱ्याचं नाव ठेवलं, ओबुरा. आजीनं नातवाला नवरा म्हणून चिडवायचं, ही आमच्यातली जुनी थट्टा. मीही त्याला मांडीवर घेऊन म्हणायची, "काय हो नवरोबा, इतके दिवस कुठं होतात? दुसरी केलीत की काय?" दुसऱ्यांची पोरं आवाजाकडं वळतात, खिदळतात. माझा नवरोबा छपराकडं बघत राहायचा. सहा महिने झाले, मान धरेना. आठ झाले, दहा झाले, हातात दिलेली वस्तू पकडेना. भांडं पडलं तरी दचकेना.

मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा मीही गेले. बाळ माझ्या मांडीवर होतं. डॉक्टरीणबाईंनी खूप विचारलं, बाळंतपण कसं झालं, ताप आला होता का, आणि मग पोटुशी असताना काय काय खाल्लं. आकेयोच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. म्हणाली, "खाण्यात काही कमी नव्हतं, बाई. माझ्या आईनं रोज मोठा म्बुटा खाऊ घातला."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी गाव विचारलं. मग पाऱ्याचं सगळं समजावून सांगितलं, रिस्पानं सांगितलं होतं तसंच. म्हणाल्या, "त्यामुळंच झालं असं खात्रीनं नाही सांगता येत. दुसरीही कारणं असतात. पण तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

"कोण सांगणार?" आकेयो म्हणाली. "कुणाला माहीत होतं?"

मी बाळाच्या टाळूकडं बघत होते. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. झिंज्या उपटल्या असत्या तरी मी डोकं पुढं केलं असतं. ती नुसती बघत राहिली. ओमेना, मावशी, पिशवी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून जाताना मला दिसत होतं. मग तिनं बाळ माझ्या मांडीवरून उचललं. परतीच्या गाडीत ती पुढं बसली, मी मागं.

गावात उतरल्यावर माझ्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "माझ्या आईला हे कधी कळता कामा नये. तिनं स्वतःच्या हातानं भरवलंय. ती जीव देईल." त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. आपली चूल वेगळी मांडली. मी रिस्पाकडं गेले, तिची माफी मागितली आणि किनाऱ्यावर उभं राहून सगळ्यांना खरं सांगितलं. आकेयोच्या माहेराचं तेवढं वगळून. मुकादमानं मला वेडी ठरवलं, त्यामुळं ती गोष्ट राचारपर्यंत पोचलीच नाही. ओगोलानं म्बुट्याचं जाळं विकलं. बरं झालं, पण माझ्या नवरोबाची मान काही त्यानं सरळ झाली नाही.

गेल्या आठवड्यात डोरिना आली. आकेयोला परत दिवस गेलेत, दुसरा महिना आहे, ते ऐकून. डोक्यावर टोपली आणि टोपलीत हातभर लांबीचा म्बुटा, राचारचा. लेकीच्या चुलीवर तिनं तो स्वतः शिजवला आणि रीत म्हणून मलाही बोलावलं. ओबुराला मांडीवर आडवा घेतला, त्याच्या तोंडावरची लाळ आपल्या लुगड्यानं पुसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "पहिले महिने माझ्या लेकीला उपाशी मारलंस, विहीणबाई. ओमेनावर ठेवलंस. म्हणून हे लेकरू असं झालं. मी नंतर कितीही खाऊ घातलं तरी ते भरून निघालं नाही."

मी आकेयोकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती.

"होय, विहीणबाई," मी म्हणाले. "माझीच चूक."

डोरिनानं डोकं आणि पोटाकडचा तुकडा आकेयोच्या ताटात वाढला. "खा, माझे बाय. ह्यावेळी मी इथंच बसते, बघते कोण तुला उपाशी ठेवतं ते."

आकेयोनं ताटाला हात लावला नाही. उलटी होते म्हणावं, तर डोरिना म्हणाली, थोडं थोडं खा, मी भरवते. आणि तिनं घास उचलला. नको म्हणायचं तर का ते सांगावं लागणार. आईच्या हाताकडं ती अशी बघत होती, की माझ्यानं बघवेना.

मी हात लांब केला आणि ताट माझ्याकडं ओढलं.

"मला दे," मी म्हणाले. "मोठा तुकडा मला आवडतो."

डोरिनाच्या हातातला घास तसाच राहिला. "पोटुशीच्या तोंडचा घास काढतेस? माझ्या डोळ्यांदेखत?"

"काढते," मी म्हणाले आणि खायला लागले. म्हातारीला काय बाधणार आता. सगळा तुकडा बोटं चाटत खाल्ला. डोरिना रडत होती आणि मला शिव्या देत होती. हावरट, डाकीण, लेकरं खाणारी. मी एकही परत केली नाही.

आकेयोनं आईचा हात धरून खाली घेतला. "राहू दे, आई," ती म्हणाली. "त्या तशाच आहेत."

मग तिनं पाण्याचा तांब्या उचलला आणि माझ्या ताटाजवळ आणून ठेवला.