पुण्यवान घराण्याची वही

गुरुमूर्तीरावांच्या घरात माणूस गेलं की आधी वहीत तिथी चढायची, मग रडारड. श्राद्धांची ही वही त्यांनी तंजावरहून मांबलमला मांडीवर धरून आणली होती.

नात सरोजा वर्षात तिसऱ्यांदा बेशुद्ध पडली. दोनदा गजराच्या घड्याळाला दचकून, आणि आता दिवाळीच्या फटाक्याने.

"सोंग आहे," बायको त्रिपुरसुंदरी म्हणाली. "शाळा चुकवायला!"

"दिवाळीला कुठली गं शाळा?" म्हणत रावांनी नातीला इस्पितळात नेलं. सवयीने वहीही बरोबर घेतली.

डॉक्टर विद्याधर मूळचे साताऱ्याचे. कार्डिओग्रामच्या कागदावर बराच वेळ नजर ठेवून त्यांनी विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

"छे! अपमृत्यू नाही आमच्यात. ही वही बघा."

"हे व्यासराज?"

"धाकटा भाऊ. एकोणिसाव्या वर्षी कावेरीत बुडी मारली, ती थेट स्वर्गात. अय्यो, काय पोहायचा!"

"आणि महालक्ष्मी?"

"आत्या. देवळाच्या तळ्यात. तीही मासोळीच. पुण्यवान घराणं हो."

"राव, इतके पट्टीचे पोहणारे बुडतात कसे?"

रेल्वेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदींतल्या चुका पकडलेल्या माणसाने आपल्याच वहीतल्या त्या दोन नोंदी पुन्हा वाचल्या.

"ही फिट नाही, सोंगही नाही," डॉक्टर म्हणाले. "ठोका पडल्यावर पुढच्यासाठी सज्ज व्हायला हिच्या हृदयाला जास्त वेळ लागतो. दचकली किंवा जोरात पोहली की ठोके भरकटतात आणि शुद्ध जाते. घराण्यातून आलंय. नव्या गोळ्या निघाल्यात, त्या रोज घ्यायच्या. पोहणं बंद, गजर बंद. वेळेवर कळलं, हे फार झालं. आता तुम्हीही झोपा टेबलावर."

रावांच्या कागदातही तीच खोड निघाली.

"मग हे कसे वाचले?" मागोमाग इस्पितळात आलेल्या त्रिपुरसुंदरीने घाबरून विचारलं.

"पोहता येतं का, राव?"

राव ओशाळले. भावाने जन्मभर भित्रा म्हणून चिडवलं होतं. लग्नानंतर तो वसा बायकोने चालवला.

"घोट्याच्या वर पाणी माहीत नाही यांना!" तिला रडता रडता हसू फुटलं. "चाळीस वर्षं उगीच टोमणे मारले हो मी!"

पुढच्या दिवाळीला शेजारच्या रामस्वामींच्या दारात बॉम्ब फुटला. घर श्वास रोखून सरोजाकडे पाहू लागलं. ती दचकली, कॉफी परकरावर सांडली, आणि उभीच राहिली.

"असे काय बघता सगळे? दुसरी कॉफी द्या की!"

रावांनी डोळे पुसले, वही काढली आणि व्यासराजच्या नावापुढे लिहिलं: 'पाण्याने नव्हे, हृदयाने. पुढच्यांनी डॉक्टरला हे दाखवावे.'