अण्णांची सात नंबर

मित्रांनो, सगळ्यात आधी मला या योगेंद्राची तक्रार करायची आहे. घरी पाहुणा आला की हा त्याला शेडमध्ये आणतो, माझ्या नाकाडावरचा पोचा दाखवतो आणि सांगतो, "ये देखो भिया, इसी गाडी ने अण्णा का बदला लिया." एका माणसाचा पाय गेला, आणि हा त्याचं प्रदर्शन मांडतो! मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. शब्द जपून वापरायची मला सवय नाही. अक्षरओळखही नाही, अंगावर रंगवलेला सात तेवढा वाचता येतो. पण अण्णा कोण होते हे त्यांच्या या मुलापेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

अण्णा म्हणजे शरच्चंद्र, पीथमपूरच्या कारखान्यातले फिटर. पहिली पाळी करून बसने धारला यायचे, उभ्याउभ्या चहा घ्यायचे आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचे. १९९३ साली तिथेच मी जन्मले. माझी हाडं बोअरिंगच्या पाइपांची. पाइपात वाळू ठासायची, भट्टीवर लाल करायचा आणि मग वाकवायचा, म्हणजे वाकताना तो चेपत नाही. इंजिन एका उलटलेल्या जीपचं. उजवं मागचं चाक डाव्यापेक्षा मोठं, कारण आमच्या रिंगणात सारखं डावीकडेच वळायचं असतं. गल्ली हसली. "अण्णा, ये तो लंगडी है!" अण्णा म्हणाले, "खेळात लंगडीच सगळ्यांना बाद करते." पुढे त्या शेडमध्ये आणखी चार गाड्या झाल्या, सगळ्या माझ्या मापावर बेतलेल्या. म्हणजे माझ्याच लेकी. एकीलाही माझं वळण आलं नाही.

शर्यत देवासला असायची, सोनकच्छच्या रस्त्यालगत. पीक निघालेल्या शेतावर पाणी मारून, रोलर फिरवून रिंगण करायचे. आठ गाड्या, वीस फेऱ्या. माती अशी उडायची की पुढची गाडी थेट तोंडावर आल्यावरच दिसायची. मित्रांनो, ती मारामारीच होती, नाव फक्त शर्यत. १९९५ साली मी तीन कोलांट्या खाल्ल्या. भास्कर, माझा चालक, त्याची दोन बोटं तेव्हा माझ्या स्टिअरिंगमध्ये तुटली. कुणाच्या बरगड्या माझ्या चाकाने मोडल्या, कुणाचा जबडा माझ्या बंपरने. मी लाजत नाही. लाजरी असते तर भाजी आणायला गेले असते.

पण अण्णांचा एक नियम होता. माझ्या डाव्या कुशीला त्यांनी एक पहार बांधली होती. आपल्या धडकेने कुणी उलटला, तर आपल्या चालकाने शर्यत तिथेच सोडायची, पहार घ्यायची आणि त्याला काढायला धावायचं. "आधी त्याची गाडी, मग आपली," अण्णा म्हणत, आणि चालकाच्या पुढे स्वतःच धावत. हळूहळू सगळ्या रिंगणाने हा नियम घेतला. ज्याने ठोकलं, पहिला हात त्याचा. तोवर बाकीचे उभे राहत. तो त्याचा मान होता.

देवासचा मानाजी तोंडाने फाटका, पण चालवायला वाघ. १९९८ साली भास्करने त्याला माझ्या नाकाने उलटा केला. अण्णा धावले आणि त्याच्या अंगावर येणारा तापलेला सायलेन्सर त्यांनी उघड्या हाताने धरून ठेवला. आतून मानाजी ओरडत होता, "बुढ्ढे, हात मत लगा!" अण्णा म्हणाले, "शिव्या नंतर घाल. आधी मान हलवू नको." तळव्याची कातडी सायलेन्सरला चिकटून राहिली. त्यानंतर दर दसऱ्याला मानाजी धारला यायचा आणि आपट्याचं पान त्याच भाजक्या तळव्यावर ठेवायचा.

२००३ सालच्या शेवटच्या शर्यतीत मानाजीने आम्हाला हरवलं. नऊ दिवसांनी अण्णा माझे प्लग साफ करत होते. त्यांनी छाती धरली, डोकं माझ्या बॉनेटवर टेकलं आणि ते पुन्हा उचललं नाही. तेराव्याला धार, देवास, दोन्हीकडचे मिस्त्री आले होते. योगेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला, "मानाजीने मारलं त्यांना. ती हार लागली." त्याची आई, वासंतीकाकी, आतून बाहेर आली. "काहीतरी बरळू नकोस. हरून आले त्या रात्री मानाजीचं वळण हाताने काढून दाखवत होते. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या त्यांनी." पण योगेंद्राला दुःखापेक्षा राग सोपा गेला.

पुढच्या मार्चमध्ये देवासला अण्णांच्या नावाची शर्यत ठेवली. माझ्या गळ्यात झेंडूचा हार. मानाजी आला, माझ्या बॉनेटला हात लावून तो हात त्याने कपाळाला लावला. योगेंद्र स्वतः चालवायला बसला होता. त्याने मानाजीकडे पाहिलंसुद्धा नाही.

सहाव्या फेरीत त्याने मला मानाजीच्या मागच्या चाकावर घातलं. खोटं कशाला सांगू, पहिल्या ठोशाला मलाही बरं वाटलं. अंगात रग होती, कित्येक महिने उभी होते. बाराव्या फेरीला दुसरा ठोसा. मानाजीचा पत्रा फाटून लोंबायला लागला. त्याने हात वर करून विचारलं, काय चाललंय? मग शेवटच्या वळणावर मानाजी आत होता, आम्ही बाहेर, मधे जागा भरपूर. ब्रेक योगेंद्राच्या पायाखाली होता. पाय त्याने दुसरीकडे दाबला. मी मानाजीच्या गाडीच्या कुशीत घुसले, तिच्या चाकावर चढले, आणि ती दोनदा उलटून बांधावर पालथी पडली. पोलिसांनी पुढे अपघात लिहून घेतला. तो पाय कुठे दाबला गेला, ते मला माहीत आहे.

योगेंद्र रेघ ओलांडून थांबला, माझ्यावर उभा राहिला आणि ओरडला, "अण्णा!" कुणी टाळी वाजवली नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते. नियम तसाच होता ना, मित्रांनो! पहिला हात ठोकणाऱ्याचा. दोनशे माणसं जागच्या जागी उभी, आणि पालथ्या गाडीतून पेट्रोल मातीत गळतंय.

भास्कर ओरडला, "अरे, पहार काढ! किसका रस्ता देख रहा है?"

"मेरे बाप को मारा उसने," योगेंद्र म्हणाला.

आतून मानाजीचा आवाज आला, "भिया, पैर अटका है... जल्दी कर यार."

तेव्हा बघ्यांच्या मांडवातून वासंतीकाकी उठली. साठीची बाई, गुडघे दुखणारी. तिने पदर खोचला, माझ्यापाशी आली आणि पहारीची दोरी दातांनी सोडली. मुलाला ती म्हणाली, "बाजूला हो. तुझ्या बापाचं काम राहिलंय." ती पालथ्या गाडीकडे चालू लागली आणि मग दोनशे माणसांना एकदम पाय फुटले. भास्करने पहार घातली, पट्टा कापला, मानाजीला ओढून काढला. चार पावलंही गेले नसतील तोच गाडी पेटली. मागे राहिलेल्या काकीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मानाजीचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. हे सगळं होईस्तोवर योगेंद्र माझ्यावर उभाच होता.

मित्रांनो, तुम्ही यंत्रांना तेल द्या, पुसा, झाका, तेवढं आम्हाला पुरतं. पण आम्हाला हात लावायच्या आधी आम्हाला घडवणाऱ्याने काय जपलं होतं, तेही विचारा. माझा पत्रा कुणीही सरळ करील.

आज सकाळी योगेंद्र शेडमध्ये आला. अण्णांच्या नावाची शर्यत यंदाही आहे. हार घातला, सीटवर बसला, बटण दाबलं. मी खोकले, पण सुरू झाले नाही. त्याने पुन्हा दाबलं, मग स्टिअरिंगवर बुक्की मारली. गाड्या बोलत नाहीत असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. मी शाळेत गेलेली नाही, म्हणून बोलले, आणि मोठ्याने बोलले:

"योगेंद्रा, कान उघडे ठेवून ऐक. अण्णांना कुणीच मारलं नव्हतं. त्यांचं काळीज थकलं होतं, आणि ते हसत गेले. त्यांनी भाजून घेऊन जोडलेला माणूस तू तोडलास, आणि त्याच्या आगीत आपल्या आईला पाठवलंस. कागदावर मी तुझी झाले असेन. अण्णांचा तू कुणी झाला नाहीस. देवासला जा, मानाजीच्या उंबऱ्यावर बस, तो तोंडाला येईल ते बोलेल ते ऐकून घे. ते होईपर्यंत या सीटवर तुझी जागा नाही. उतर!"