राहिलेलं गाणं

कानसेनांनी हेडफोन कानांवरून उतरवून गळ्यात घेतला आणि फोनवर सांगितलं, "गाणं खणखणीत आहे, डॉक्टर. पण माइकला खेटून एक बाई गातेय. तिनं सगळ्याची माती केलीय."

"एवढी वाईट?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या मागे कुणीतरी गुळण्या करत होतं.

"सूर या काठावर, बाई त्या काठावर. मध्ये भरलेली नदी."

डॉक्टर हसले. "माझ्याकडच्या नव्या मशीनमध्ये जवळचा आवाज वेगळा काढता येतो. काढू का?"

"काढा. तुम्ही दाढ काढता ना, तशी. मुळासकट."

फोन ठेवला तेव्हा कानसेनांना बरं वाटलं. शेरा नेमका बसला की त्यांना असंच बरं वाटायचं. तो बँड फुटून जमाना झाला होता. पत्र्यावर घण पडावेत तसे ढोल, करवतीसारखी गिटार, आणि त्या सगळ्यावर चढून ओरडणारा तो उंच गायक. सगळे आपापल्या वाटेनं गेले. मागे उरले डॉक्टरांसारखे वेडे. चाहत्यांनी चोरून टेप केलेले जुने कार्यक्रम ते माळ्यांवरून, ट्रंकांतून शोधून काढायचे आणि पारखायला कानसेनांकडे धाडायचे. आवाज किती स्वच्छ, टेप करणारा मंचापासून किती लांब, कुठे तुटलंय, जवळ कोण बडबडतंय. कानसेनांचा शेरा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

कान तयार झाला होता नोकरीत. उभी हयात पाणीखात्यात गेली. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, तिच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखालचा कुठला नळ गळतोय ते सांगायचं. गळतीचा आवाज अगदी बारीक असतो, ओठांवर बोट ठेवून कुणी 'शूऽऽ' करावं तसा. "तानसेन व्हायचं जमलं नाही, कानसेन झाला," असं मित्र म्हणाले, आणि तेच नाव चिकटलं.

बँडच्या शेवटच्या दौऱ्यातल्या इथल्या कार्यक्रमाचं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग त्यांचं स्वतःचंच होतं. माइक कॉलरमध्ये लपवून ते गर्दीत खांबासारखे उभे राहिले होते. टाळी नाही, आरोळी नाही, मान हलवणंसुद्धा नाही. त्यात एकच भगदाड होतं. संध्याकाळभर घण घालून झाल्यावर बँडनं सगळं खाली ठेवलं आणि एक संथ गाणं धरलं, तेव्हा पहिली कॅसेट नेमकी संपली. दुसरी बायकोच्या पर्समध्ये होती. आणि बायको शेजारी नव्हती.

गाणं संपल्यावर ती गर्दीतून वाट काढत परत आली. घामाघूम, लाल झालेली.

"चक्कर आली होती," ती म्हणाली.

तिच्या हातातून कॅसेट घेत ते म्हणाले होते, "गाणं झाल्यावर नसती का आली?"

पुढे त्याचा घरात विनोद झाला. आमटीत मीठ राहिलं, 'हिला चक्कर आली असेल'. बस चुकली, 'हिला चक्कर आली असेल'. पाहुण्यांसमोर, व्याह्यांसमोर, तिच्या भावाच्या पंगतीत. सगळे हसायचे. तीही हसायची.

आणि आज ते गाणं सापडलं होतं. कुणा अनोळखी चाहत्याच्या माळ्यावर, धुळीत. उतावीळपणानं कानसेनांनी एकच कडवं ऐकलं आणि डॉक्टरांना फोन लावला. आता शेरा पुरा करायचा म्हणून त्यांनी हेडफोन पुन्हा चढवला.

दार नुसतं लोटून ठेव, कडी घालू नकोस,
वाट चुकून येईन मी, दिवा मालवू नकोस.

गायक लांबून गात होता, बाई जवळून. पण अशी गात होती, जणू पलीकडचा डोंगर ऐकायला बसलाय. वरच्या सुराला घसरली, स्वतःशीच हसली आणि धावत जाऊन गाणं पुन्हा पकडलं. कानसेनांनी कपाळाला आठी घातली. मग गिटार एकटी वाजू लागली, आणि बाईच्या शेजारून एका मुलीचा आवाज आला.

"एकटीच आलात?"

"नाही गं. नवरा आहे पुढे. तो बघ, खांब. टेप करतोय."

कानसेनांचा हात टेबलावर होता, तिथेच राहिला.

"मग तुम्ही इकडे?"

"तिकडे शिंकायची बंदी आहे बाई. लग्न झाल्यापासून एक शिंक मनासारखी दिली नाही मी." दोघी खिदळल्या. "पण हे गाणं लागलं की राहवत नाही. म्हटलं, एवढं एक गाते आणि जाते."

पुन्हा कडवं. पुन्हा तो मोकळा, भलत्याच वाटेनं जाणारा गळा. मग टाळ्यांचा कडकडाट, आणि त्यात घाबरलेला आवाज, "अगं बाई! कॅसेट माझ्याकडेच राहिली!"

कानसेनांनी रेकॉर्डिंग मागे नेलं. तिचं बोलणं त्यांनी पहिल्या शब्दाला ओळखलं होतं. गाणं ओळखलं नव्हतं. ओळखणार कुठून? ते त्यांनी कधी ऐकलेलंच नव्हतं. उलट त्याला नदीच्या पलीकडच्या काठावर बसवून, हसून, उपटून टाकायला सांगितलं होतं.

त्यांनी खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. पूर्वी दाराबाहेर लाल बल्ब होता. तो लागला असला की आत ऐकणं चालू, बाहेर कुणी बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही. बल्ब कधीचा गेला, पण ती आजही दार वाजवत नसे. चहाचा कप बशीनं झाकून बाहेरच्या स्टुलावर ठेवायची आणि पाऊल न वाजवता निघून जायची. ते उठले तर पीत, नाहीतर तो गार होई.

त्यांनी फोन लावला.

"डॉक्टर, त्या बाईला राहू द्या."

"अहो, काढलीसुद्धा! आत्ताच पाठवलंय तुम्हाला, बघा. इथे बाई होती असं शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही. शेऱ्यात तसंच घालाल ना?"

"थांबा जरा."

"का हो? ओळखीची निघाली की काय?" डॉक्टर आपल्याच विनोदावर हसले.

"नंतर करतो," म्हणून कानसेनांनी फोन ठेवला.

मागे दार करकरलं. ती उंबऱ्यावर उभी होती, ओले हात पुसत.

"सापडलं म्हणत होतात ना सकाळी फोनवर? तेच का? माझ्या चकरेतलं?"

"तेच."

"सुटले गं बाई एकदाची." ती आत आली. "ऐकवा की. बघू तरी, कशापायी जन्मभर बोलणी खाल्ली."

समोर दोन्ही रेकॉर्डिंग होती. बाई असलेलं आणि बाई नसलेलं. कानसेनांनी तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला. कानावरची पांढरी बट मध्ये येत होती, ती त्यांनी बाजूला केली. भित्र्या माणसाचं बोट सोप्या बटणावरच जातं. त्यांनी डॉक्टरांनी पाठवलेलं स्वच्छ गाणं लावलं.

ती उभ्यानंच ऐकत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. वरच्या सुरापाशी तिनं मान किंचित तिरकी केली आणि थांबली, दाराबाहेर कुणाची चाहूल घ्यावी तशी.

गाणं संपलं. तिनं हेडफोन काढून हातात धरला.

"छान आहे," ती म्हणाली. मग धुण्यात हरवलेल्या बटणाबद्दल विचारावं तशा आवाजात, "एवढी माणसं होती तिथे. जवळपास कुणीच गात नव्हतं का हो?"

कानसेनांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"गात होतं," ते म्हणाले.

त्यांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं, हेडफोन परत चढवला, दुसरं रेकॉर्डिंग लावलं आणि ते बाहेर आले. दार नुसतं लोटलं. स्टुलावर चहा होता. कप खाली जमिनीवर ठेवून ते तिथे बसले.

 मग हळूच, घरात कुणी झोपलंय अशा बेतानं, आतून गुणगुणणं सुरू झालं. वरच्या सुराला घसरलं. अगदी तसंच. मग गिटारची जागा आली असणार, कारण ती गप्प झाली. आता ती खांब ऐकत असेल, शिंक ऐकत असेल.

कानसेनांना खोकल्याची उबळ आली. ती त्यांनी सवयीनं दाबून धरली.

"अहो," आतून हाक आली. हेडफोन घातलेलं माणूस बोलतं तशी, नको तेवढ्या मोठ्यानं. "अहो, बोलू का मी?"

"बोल ना," कानसेन म्हणाले.

पण तिचे कान झाकलेले होते. ती उत्तराची वाट पाहत असावी, कारण पुढे काही आलं नाही.

"बोल की गं," ते पुन्हा म्हणाले.