फायटरची सोबत

या, अशा जवळ सरका. टाळ ठेवा बाजूला, बुवा यायला अजून वेळ आहे. तोवर एक गोष्ट सांगते. लहानशीच आहे, पण ऐकताना मध्येच उठू नका.

आमच्या नालवाडीच्या भजनी मंडळात अन्नपूर्णाबाईसारखं कीर्तन ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. आख्यान रंगायला लागलं की पहिली टाळी तिची. बुवासुद्धा आधी तिच्याकडे बघायचे. गेल्या दिवाळीच्या सुमारास न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि बाई खाटेला खिळली. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. स्वयंपाकाला एक बाई येते, तेवढीच काय ती माणसाची चाहूल.

"कोकिळा," ती मला म्हणाली, "भिताडाकडे पाहून पाहून जीव आंबून गेला माहा. काही हालतं-डुलतं आण ना वं माह्यासमोर."

मी म्हटलं, मासे आणते. तिच्या उशाजवळच्या स्टुलावर मावेल एवढी टाकी. म्हणजे पाहा, बादलीभर पाणीही मावणार नाही अशी.

"पण एकटा मासा नको आणजो," ती म्हणाली. "एकटं राहणं काय असते, मले इचार."

मासे प्रेमदासकडूनच आणायचे, हे काही ठरवावं लागलं नाही. वर्ध्याला त्याचं माशांचं दुकान, आणि आमच्या मंडळात खंजेरी त्याची. दर गुरुवारी अन्नपूर्णाबाईच्या खाटेशी बसून तो दोन भजनं म्हणून जायचा. गळ्यात तुळशीची माळ. माळकरी असून मासे विकतो म्हणून आम्ही त्याची थट्टा करायचो. तो हसायचा, "पोसायचे विकतो, माउली, खायचे नाई!"

आमच्या मंडळात एक रीत आहे. ज्याच्यासोबत कीर्तनाला उभं राहायचं, त्याला व्यवहारात प्रश्न विचारायचे नाहीत. कापड असो, तेल असो, तो देईल ते घ्यायचं. जास्त विचारलं तर त्याच्या माळेवरच संशय घेतल्यासारखं होतं.

प्रेमदासने एक निळा फायटर मासा दाखवला. त्याचे पर नऊवारीच्या घोळासारखे पाण्यात झुलत होते. टाकी केवढी ते मी हातानं दाखवलं आणि बाईचा निरोप सांगितला.

"बराबर बोलली माउली," तो म्हणाला. "जिवाले संगत पाहिजेच." आणि त्याने लांब शेपट्यांचे चार-पाच गप्पी, गोल्डफिशची जोडी आणि काच चाटणारा एक काळा मासा पिशवीत भरला. "गुण्यागोविंदानं राहतात सारे."

पहिल्या दिवशी अन्नपूर्णाबाई हरखून गेली. गोल्डफिशचं तोंड उघडमीट करणं बघून म्हणाली, "पाह्य, हे तर नामस्मरण करून राह्यले!" किती महिन्यांनी तिने टाळी वाजवली होती.

मग सुरू झालं. फायटर गप्पींच्या शेपट्यांवर तुटून पडायचा. पाणी दुधासारखं गढूळ झालं. गोल्डफिश वर येऊन धापा टाकायला लागले. सकाळी डोळा उघडावा तर कोणीतरी तरंगतंय. मी प्रेमदासला फोन केला. तो म्हणाला, "पाणी बदला, माउली, अन् नाव घ्या." वर आणखी गप्पी पाठवून दिले. तेही तसेच गेले.

एक दिवस मी गेले तर बाईने तोंड भिंतीकडे केलेलं.

"टाकीवर फडकं टाक, कोकिळा. माही नजरच वाईट हाय. मालक गेले, पोरगं दूर गेलं, अन् आता हे मुके जीव. मी ज्याच्याकडे पाहातो ते राहात नाई."

मी म्हटलं, असं नाही वं बाई. पण मग कसं, ते प्रेमदासलाच विचारायचं ठरवलं. तशीच उठले आणि वर्ध्याची ऑटो धरली.

दुकानात कॉलेजमधली एक पोरगी उभी होती. प्रेमदासची माझ्याकडे पाठ होती. पोरगी विचारत होती, एवढीशीच टाकी आहे, फायटरसोबत दुसरं काय ठेवू?

"काहीच नाई, ताई," प्रेमदास म्हणाला. "एवढ्या पाण्यात फायटर एकटाच. फार तर एक गोगलगाय. गप्पी टाकाल तर शेपट्या तोडते, अन् गोल्डफिशले मोठी टाकी लागते, पाणी लवकर नासते त्याच्यानं. मी देतच नाई तशी जोडी. पाप लागते मले."

पोरगी गोगलगाय घेऊन गेली. तो वळला आणि मी दिसले.

"काऊन रे प्रेमदास? आमच्या बाईच्या वेळी नाई लागलं पाप?"

त्याने आधी हसून पाहिलं. मग म्हणाला, "तुम्हीच तर संगत मागतली, माउली."

"तुले माहीत होतं."

"त्या पोरी हजार गोष्टी इचारतात. मोबाईलवर पाहून येतात, खोटं दिलं तर उद्या भांडाले हजर. तुम्ही लोकं इचारतच नाई." त्याने खाली पाहिलं. "गप्पीत रोग शिरलता. माल पडून होता. म्हटलं, आपल्याच माणसांत घरच्या घरी जिरून जाईल."

"येऊन सांग तिले. बाई स्वतःच्या नजरेले दोष देऊन राह्यली."

"येतो," म्हणाला. गुरुवार आला आणि गेला, हा काही आला नाही.

मग मीच सांगितलं. सांगताना वाटलं, बाईच्या मनावरचं ओझं उतरेल. उतरलंही असेल. तिने एवढंच विचारलं, "त्याले माहीत होतं?"

"होतं."

"अन् तरी इथं बसून भजन म्हणत होता?"



पुढच्या गुरुवारी प्रेमदास दारात आला. हातात खंजेरी, तोंडात 'माउली'. अन्नपूर्णाबाई म्हणाली, "कोकिळा, दार लाव." नंतर मोबाईलवर मी बुवांचं कीर्तन लावलं, तर तिने तेही बंद करायला लावलं. म्हणाली, "मासे मेले ते सोसलं वं. पण आता कोणी नाव घेतलं की मले त्याचाच आवाज ऐकू येते."

त्याला महिना होऊन गेला. टाकीत आता फायटर एकटाच उरला आहे, मजेत आहे. बाई मात्र कीर्तनाचं नाव काढू देत नाही.

ते पाहा, बुवा आलेच. तुम्ही सगळे टाळ्या वाजवाल, तेव्हा एक टाळी अन्नपूर्णाबाईची म्हणून वाजवा. ती इथे पहिली बसायची, हे विसरू नका.