रिकाम्या रिपोर्टांची बाधा

हॉस्पिटलच्या सर्व्हर-खोलीसमोर नुसती झुंबड उडाली होती. नर्सा, हिशेबनीस, झालंच तर खुद्द मोठे सर्जन, सगळे चपला काढून उभे. आत यंत्रबाबा कपाटाएवढ्या सर्व्हरवर हात ठेवून घुमत होते.

काही दिवस तपासण्यांचे रिपोर्ट गायब होत होते. फाईल जागेवर, नाव बरोबर, उघडावी तर आत ठणठणाट. पडद्यावर मात्र दरवेळी हिरव्या अक्षरांत ‘जतन झाले’. यंत्र खोटं बोलत नाही, मग ही बाधाच! शिकलेल्यांचं तर्कशास्त्र हे असं.

“यंत्राला भार सोसवत नाहीये,” बाबा डोळे न उघडता म्हणाले. “जुन्या फायलींत जुन्या रोग्यांचे श्वास अडकलेत. पुसा! मग मी मोकळं करतो.”

फायली पुसल्या. बाबांनी फुंकर मारली. आणि काय सांगू, रिपोर्ट भराभर उमटू लागले! सर्जनसाहेबांचे डोळे पाणावले. पोट फाडण्याआधी हातमोजे दोनदा तपासणारा हा गृहस्थ अक्कल चपलांशेजारी ठेवून आला होता.

आठवड्यात बाधा परतली. या खेपेला एका बाईच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट कोरा निघाला. त्याशिवाय ऑपरेशन ठरेना.

“बाबा परवा येतायत,” सर्जन तिच्या नवऱ्याला म्हणाले.

“परवा? अहो, त्या गाठीला परवा कळतं का?”

खिडकीशी बसलेली नवी प्रोग्रामर उठली. “साहेब, बाबा येईपर्यंत एक गंमत दाखवते.”

तिने काठोकाठ भरलेला पेनड्राइव्ह लावला, हॉस्पिटलच्याच रिपोर्टच्या प्रोग्राममधून त्यावर एक रिपोर्ट जतन केला. ‘जतन झाले.’ उघडला, तर कोरा.

“अरेरे, यालाही झपाटलं! आता याच्यावर कोण घुमणार?” तिने त्यातला एक सिनेमा पुसला, पुन्हा जतन केलं. रिपोर्ट अख्खा! “आणि साहेब, फुंकर मारायची राहूनच गेली.”

“पण ‘जतन झाले’ असं येतं ना?” सर्जन म्हणाले.

“येणारच. प्रोग्राम मजकूर आधी हातात धरतो, फाईल बंद करताना डिस्कवर उतरवतो. डिस्क भरली असेल तर ती तेव्हाच ओरडते, ‘मावत नाही!’ पण बंद करण्यात काय चुकणार, असं समजून लिहिणाऱ्याने तिचं उत्तर ऐकायची सोयच ठेवली नाही. कुरियरवाल्याने दार वाजवावं, घरात कोणी आहे की नाही हे न बघता ‘पोचलं’ म्हणून सही ठोकावी, तसं. बाबांनी जुनं पुसायला लावलं, जागा झाली. भरली की पुन्हा बाबा. धंदा मस्त आहे!”

तिने दुरुस्ती केली. आता फाईल बंद होताना गडबड झाली की लाल अक्षरं येतात: ‘जतन झाले नाही. डिस्क भरली आहे.’ जागा करून देताच प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी गाठीची काचपट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रिपोर्ट लिहिला. गाठ वाईट होती. ऑपरेशन दुसऱ्या सकाळी झालं, बाई वाचली. पण तिचा मागचा रिपोर्ट, ज्याच्याशी हा ताडून पाहायचा, तो बाबांच्या ‘श्वासां’बरोबर कायमचा पुसला गेला होता. आता दर तपासणीला डॉक्टरांना तेवढा अंधार.

नवऱ्याने सर्जनना एवढंच विचारलं, “तुम्ही तरी विचारायचं होतं ना, साहेब?”

साहेब पुढच्या रोग्याकडे वळले. म्हणून मी बोलतो. ‘झालं’ असं कोणीही म्हणो, यंत्र म्हणो की बाबा, फाईल उघडून बघा. कोरी निघाली तर हात जोडू नका. काय बिघडलं ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.