गळलेलं अक्षर

नियतकालिकाने लेख छापण्याआधी जनुकाचा पूर्ण क्रम मागितला, म्हणून तो तपासून घेतला गेला. नाहीतर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

प्रयोगशाळेत तिला सगळे धाकटी म्हणत. वय चौतीस, संशोधनाचं पाचवं वर्ष. तिची मुलगी सासूबाईंच्याच हाताखाली वाढत होती. धाकटी जिवाणूंकडून एक जोडप्रथिन बनवून घ्यायची. अर्धा भाग शेपटीचा. ती बारीक मण्यांना चिकटते, त्यामुळे बाकीच्या गाळातून प्रथिन वेगळं काढता येतं. उरलेला भाग माणसाच्या स्नायूमधला. एका आजारात शरीर याच भागावर उलटतं, असा प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचा कयास होता. तो पडताळायला इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तीन वर्षं रुग्णांच्या रक्ताचे नमुने पाठवत होत्या.

क्रमाच्या अहवालात लिहिलं होतं की दोन भागांची जनुकं जिथे जोडली, त्या सांध्यावरचं एक अक्षर गळलंय. तिथून पुढे जिवाणूंनी सगळंच चुकीचं वाचलं होतं. शेपटी खरी, पुढची साखळी निव्वळ बडबड. लांबी मात्र जवळपास तेवढीच, त्यामुळे लांबीच्या तपासणीत प्रथिनाचा पट्टा नेहमी जागच्या जागी दिसायचा. रुग्णांचं रक्त चिकटत होतं ते शेपटीला. सांधा जोडणारा विद्यार्थी केव्हाच नोकरीला लागला होता, पण तो तपासून न पाहता पुढे गेली ती धाकटीच.

सरांनी अहवाल दोनदा वाचला. नव्याने जोडणी करायला सांगितली आणि इस्पितळाला तांत्रिक अडचण आली एवढंच कळवा म्हणाले. धाकटी दुपारी स्वतःच तिकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "एकोणीस नंबरचं काही उरलंय?"

"नाही. सगळं वापरलं."

एकोणीस नंबर म्हणजे एक शिक्षिका होत्या. त्यांची शीर सापडायची नाही. दरवेळी तीन-चारदा टोचावं लागायचं, तरी त्या नऊ वेळा आल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी गेल्या.

"उपयोग होईल, असं मी त्यांना सांगितलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर धाकटीला बरं वाटलं असतं.

दोन महिन्यांनी नवी जोडणी अक्षरन् अक्षर बरोबर निघाली. जिवाणूंनी प्रथिन बनवलंही, पण आधीच्यासारखं विरघळून न राहता ते सगळं गोळा होऊन नळीच्या तळाशी बसलं, काही कामाचं नाही. तिने तापमान उतरवलं, खाद्य बदललं, जिवाणूंची जातही बदलून पाहिली. गोळाच. आधीचं प्रथिन इतकं गुणी होतं, कारण ते खोटं होतं, हे तिला तेव्हा उमगलं.

पुढच्या बैठकीत सरांनी प्रकल्प बंद केला. इस्पितळाला कळवायचं काम तिच्याकडेच आलं. या वेळी तिने पत्रच लिहिलं, चार ओळींचं, आणि त्यात तांत्रिक अडचण हेच शब्द घातले.