मंगळवारी दोन ते पाच वीज बंद

बँकेची दुसरी ईमेलही पहिल्यासारखीच सभ्य होती. माझी ओळख पटवण्यासाठी झालेला व्हिडिओ कॉल पुन्हा ग्राह्य धरता आला नव्हता. नियमाप्रमाणे तीनच संधी मिळतात. तिसरीही वाया गेली, तर अर्ज सहा महिन्यांसाठी बंद.

माझ्याकडे सहा महिने नव्हते, वीस दिवस होते. मी सांख्यिकीत एम.एस्सी. केलं आहे आणि नेदरलँड्समधल्या एका बियाणे कंपनीसाठी सोलापुरात घरी बसून पीकचाचण्यांची आकडेवारी तपासते. काम कुठूनही करता येतं, म्हणून मी पोर्तुगालच्या लांब मुदतीच्या व्हिसासाठी कागद गोळा करत होते. हा व्हिसा घरून काम करणाऱ्यांसाठी असतो. मुंबईतली मुलाखत महिनाअखेरीस होती. वकील बाईंनी दिलेल्या यादीतलं सगळं जमलं होतं. फक्त तिथल्या बँकेतलं खातं राहिलं होतं.

अडचण आमच्या भिंतीपलीकडे होती. तिथे अंबादासकाकांचे बारा यंत्रमाग आहेत, त्यांच्या पुढे आणखी चौदा, आणि गल्लीच्या टोकापर्यंत असंच. दिवसरात्र टॉवेल विणले जातात. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही, इतकी सवय आहे. लिस्बनमधल्या अधिकारी बाईंना मात्र पहिल्या कॉलमध्ये तेवढाच ऐकू आला. बँकेच्या कॉलला हेडफोन चालत नाही. आवाज गाळणारं सॉफ्टवेअर लावलं, तर ते मागांबरोबर माझे अर्धे शब्दही गाळतं. दुसऱ्या वेळी मी आतल्या खोलीत चारी बाजूंनी चादरी टांगून बसले. आवाज कमी झाला, पण उजेडही गेला आणि पासपोर्टवरची चमकती खूण दिसेना.

"मैत्रिणीकडे जाऊन बोल की," अव्वा म्हणाली. अव्वा म्हणजे माझी आई.

"चालत नाही गं. अर्जात जो पत्ता दिलाय, तिथूनच बोलायचं. लोकेशन चालू ठेवून."

"मग रविवारी बोल. माग बंद असतात."

"रविवारी बँकपण बंद असते."

"कसली बँक ही! पैसे द्यायला निघालोय, घ्यायला नाही."

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मागाची मोटार जळली की लोक त्यांच्याकडे येतात, आणि मोटार होईपर्यंत माझी चौकशी करतात. "शरणप्पा, पोर्तुगाल म्हणजे गोव्याच्या पलीकडं का?" असं एकाने विचारलं होतं. अप्पांनी मान न वळवता सांगितलं होतं, "व्हय. तुझी मोटार झाली की तिकडनंच पाठवतो."

मला दुसरं काही सुचेना, तेव्हा मला येतं ते केलं. जुना फोन माझ्या खोलीच्या खिडकीत ठेवला आणि आवाज मोजणारं ॲप लावलं. दर मिनिटाला एक नोंद, आठ दिवस. अकरा हजार पाचशे वीस नोंदी. मला वाटलं होतं, जेवणाच्या सुट्टीत आवाज उतरत असेल. नाही उतरत. कामगार आळीपाळीने जेवतात. सरासरी शहात्तर डेसिबल, रात्रीही जवळपास तेवढीच. रविवार सोडला तर आलेख पत्र्याच्या छपरासारखा सपाट.

फक्त एका जागी खड्डा होता. मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला आकडा एका मिनिटात एक्केचाळीसवर आला होता आणि पावणेपाचपर्यंत तिथेच होता. मी धरून चालले की ॲप अडकलं असणार.

"अव्वा, मंगळवारी दुपारी काय झालं होतं?"

"काय व्हायचंय? लाईट नव्हती."

"लाईट नसली की इतकं शांत होतं?"

अव्वाने हातातली परडी खाली ठेवली. "तू असतेस कुठं? पंखा बंद पडला की लॅपटॉप उचलून पळतेस अप्पाच्या दुकानात, इन्व्हर्टरखाली. या घरात लाईट गेलेली दुपार तू बघितलीयस कधी?"

नव्हती बघितली. चार वर्षं मी जिच्यापासून पळत होते, मला हवी ती वेळ नेमकी तीच होती.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून अप्पांना विचारलं. त्यांनी वायरमनच्या ग्रुपवरचा मेसेज दाखवला. केबल बदलण्याचं काम, महिनाभर दर मंगळवारी दोन ते पाच वीज बंद. खाली गल्लीतल्या सगळ्या मागवाल्यांचे रागावलेल्या चेहऱ्यांचे इमोजी होते. मी पुढच्या मंगळवारी दुपारी तीनची वेळ घेतली, म्हणजे तिथले सकाळचे साडेदहा. लॅपटॉप चार्ज केला, फोनवरचं नेट तपासलं, टेबल खिडकीशी ओढलं.

मंगळवारी दोन वाजले. लाईट गेली नाही.

सव्वादोन. अडीच. भिंतीपलीकडे सगळे माग सुरू. अव्वा पंख्याकडे टक लावून बसली होती. "एरवी मेली नेमकी नको तेव्हा जाते," ती म्हणाली, "आणि आज बघ."

पावणेतीनला अप्पा दुकान सोडून आले आणि फोन स्पीकरवर टाकून वायरमनला लावला.

"शिवू, दोनला जाणार होती ना लाईट?"

"जेवतोय मामा. साहेबांची गाडी उशिरा आली. आता खांबावर चढतोच."

"लवकर घालव की लाईट!"

"मामा, बारा वर्षं झाली नोकरीला. लाईट कवा येणार, एवढंच विचारतात लोक. तब्येत बरी हाय ना?"

"माझी चांगली आहे. पोरीचं खातं अडलंय."

शिवूला काय कळलं कोण जाणे, पण दोन बावन्नला पंखा मंदावला आणि सगळे माग एकदम थांबले.

मला कबुतरं ऐकू आली. कुणाच्या तरी घरातला कुकर ऐकू आला. मग गल्लीत माणसं बाहेर पडली आणि तेलुगूत गप्पा सुरू झाल्या. मागावर काम करणाऱ्यांना ओरडून बोलायची सवय असते. अव्वाने चपला घातल्या. "चहा पाजते सगळ्यांना, पण कोपऱ्यावर!" तिचा आवाज ऐकू आला. "इथं उभं राहून एक शब्द बोललात तर बघा." पावलं लांब गेली. अप्पा दुकानात परतले.

तीनला कॉल लागला. नवीन बाई होत्या, चष्मा कपाळावर. नाव, जन्मतारीख, काम. पासपोर्ट डावीकडे कलवा, आता उजवीकडे. उजेडात खूण लख्ख चमकली. "मागच्या नोंदीत कारखान्याचा आवाज म्हटलंय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आज तर काहीच नाही." मी फक्त हसले.

अकराव्या मिनिटाला डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.

लाईट पावणेदोन तास आधीच आली होती. पण आलेखातल्या त्या खड्ड्याची दुसरी बाजू मी पाहिली होती. आवाज उतरतो एका मिनिटात, चढायला मात्र चार-पाच मिनिटं लागतात. माणसं परत यायला हवीत, तुटलेले धागे जोडायला हवेत, एकेक माग हाताने सुरू करावा लागतो. शिवाय आज चहा कोपऱ्यावर होता.

"शेवटचं," बाई म्हणाल्या. "फोनवर आलेला क्रमांक वाचा, आणि खातं कशासाठी हवंय ते तुमच्या शब्दांत सांगा."

मी सहा आकडे सावकाश वाचले. मग सांगायला लागले. मी काय तपासते, कंपनी पगार कसा देते, तिथे वर्षभर राहून काय काम करायचं आहे. शेवटच्या वाक्याला पहिला माग सुरू झाला. पाठोपाठ दुसरा.

बाई पुढे झुकल्या. "हा कसला आवाज?"

"टॉवेल," मी म्हणाले. "आमच्या गल्लीत विणतात. एखादा तुमच्या घरीही असेल."

त्या मोठ्याने हसल्या. "मला हवं ते सगळं मिळालंय. अभिनंदन."

पाच मिनिटांनी ईमेल आली. पीटीने सुरू होणारा पंचवीस अक्षरांचा खाते क्रमांक, आणि त्याच्यावर माझं पूर्ण नाव. मी तो दोनदा ताडून पाहिला आणि अप्पांना फोन लावला. एव्हाना सगळे माग सुरू झाले होते.

"झालं अप्पा!" मी ओरडले. "उघडलं!"

"काय? ऐकू येत नाही!"

"खातं उघडलं! पोर्तुगालचं!"

तिकडे दुकानात कुणीतरी विचारत होतं, शरणप्पा, लाईट आली का तिकडं? आणि अप्पा, जे कधी आवाज चढवत नाहीत, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे ओरडले, "लाईट गेली खड्ड्यात! पोरीनं खातं उघडलं!"